आजीची पाचूची अंगठी : एक चूक आणि तिच्यातून मिळालेला धडा



दिवाळीच्या सुट्टीनंतर मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला एक निबंध देते : 'माझ्या घरातील एक जुनी वस्तू'. तुमच्यापैकीही बरेच जण देत असतील. विषय सोपा आहे. मुलांना घरात चौकशी करावी लागते, आजी-आजोबांजवळ बसावं लागतं आणि मुख्य म्हणजे गाईडमधून उतरवून काढता येत नाही. यंदा म्हटलं, निबंधाबरोबर वर्गात एक छोटं प्रदर्शनही भरवू. मुलांनी आपापली वस्तू आणायची आणि मॅडमनीही एक आणायची.

माझी वस्तू ठरलेलीच होती. आजीची पाचूची अंगठी.

आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. आमचं मूळ गाव पैठण तालुक्यातलं. आजीकडून अंगठी माझ्या आईकडे आली आणि आई आता माझ्याकडे, पुंडलिकनगरला असते. त्यामुळे अंगठीही आमच्याच कपाटात, आईच्या डब्यात. सोन्याची जाडसर अंगठी, मध्ये चिंचोक्याएवढा हिरवागार खडा. लहानपणी मी तो खडा डोळ्याला लावून बघायचे. आई म्हणायची, "ठेव गं, पाचू आहे तो. वेळ पडली तर तोच कामाला येणार आहे."

हे 'वेळ पडली तर' तुम्ही लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

माझं काय चुकलं

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी अंगठी काढली. खड्याच्या कडेला मळ साचलेला, सोनं काळपट दिसत होतं. मनात आलं, मुलांसमोर अशी कशी न्यायची? मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितलं होतं तसं वाटीत गरम पाणी घेतलं, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले, वर चिमूटभर खायचा सोडा. अंगठी वीस मिनिटं बुडवून ठेवली. मग जुन्या टूथब्रशनं खसाखसा घासली आणि बोअरच्या पाण्याखाली धुतली. सोनं असं लखलखलं की विचारू नका. मी खूश.

सकाळी बघते तर खडा मेला होता. दुसरा शब्द मला सुचत नाही. हिरवा रंग जाऊन तो धुरकट झाला होता आणि एका बाजूला काळा डाग पसरला होता. डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तसा. पुसून बघितलं, फुंकर मारली, उन्हात धरला. डाग आतच होता.

आईला काही सांगितलं नाही. शाळेत "प्रदर्शन पुढच्या आठवड्यात" असं सांगून टाकलं आणि संध्याकाळी अंगठी घेऊन सराफ्यात गेले. आमच्या ओळखीचे एक जुने सोनारकाका आहेत. त्यांनी अंगठी हातात घेतली, उलटी केली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, धुतली का हो ही?"

अंगठीच्या पोटात काय असतं

सोनारकाकांनी मला जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगते. विज्ञान शिकवणाऱ्यांना तर हे आवडेलच.

आजकालच्या अंगठीत खडा बहुधा चार-सहा काट्यांनी धरलेला असतो. खालून मोकळा असतो, त्यामुळे उजेड आरपार जातो. जुन्या जडावाच्या कामात तसं नसतं. तिथे सोन्याचं एक छोटं घर करतात, त्याला आपण कोंदण म्हणतो. हे घर मागून बंद असतं. आत पुष्कळदा लाख भरलेली असते. तिच्यावर एक अगदी पातळ, चकचकीत पत्रा बसवतात, सोनारकाका त्याला 'डाक' म्हणाले. त्याच्यावर खडा ठेवतात आणि कडेनं शुद्ध सोन्याची पट्टी दाबून दाबून खडा पक्का करतात. वरून आलेला उजेड खड्यातून आत जातो, पत्र्यावर आपटून परत येतो आणि खडा आतून पेटल्यासारखा दिसतो. विजेचे दिवे नव्हते, तेव्हा समईच्या उजेडात दागिना चमकायचा तो असा.

आता या घरात पाणी शिरलं तर? कोंदणाची कड वर्षानुवर्षं झिजून कुठेतरी केसाएवढी सुटलेली असते. साबणाच्या पाण्याला तेवढी फट पुरते. आत गेलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही. पत्रा काळा पडतो, गरम पाण्यानं लाख मऊ होते आणि खडा जागचा हलतो. माझ्या अंगठीत नेमकं हेच झालं होतं.

"मग आता उघडून नवा पत्रा घाला," मी म्हटलं.

"घालता येईल," ते म्हणाले, "पण कोंदण मोडावं लागेल. आणि मोडलेलं कोंदण परत तसंच बसेल असं मी सांगणार नाही. असं काम करणारा जुना कारागीर शोधावा लागेल."

मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. दहापट मोठं दाखवणारं ते छोटं भिंग तुम्ही सराफांकडे बघितलं असेल. बराच वेळ बघून ते हळूच म्हणाले, "ताई, हा पाचू नाही."

मला आधी वाटलं, काच आहे असं ते म्हणतायत. तर तसंही नव्हतं. काचेत बऱ्याचदा हवेचे गोल बुडबुडे दिसतात, ते यात नव्हते. खडा हाताला काचेपेक्षा गार लागत होता. त्यांच्या मते हा स्फटिक होता, म्हणजे पांढरा, बिनरंगाचा खडा. हिरवा रंग खड्याचा नव्हताच, खालच्या पत्र्याचा होता. "शंभर टक्के खात्री हवी असेल तर रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवा," असंही त्यांनी सांगितलं. अशा तपासण्या मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या ठिकाणी होतात.

पण पत्रा काळा पडल्यावर खड्याचा हिरवा रंगच गेला, ही गोष्टच बोलकी होती. पाचू असता तर रंग त्याच्या अंगात असता. पाचूचं खनिज बेरिल. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश असतो म्हणून ते हिरवं दिसतं. तो रंग धुवून जात नाही.

आईला सांगायचं कसं?

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच विचार होता. मुलगा बारावीला आहे. पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगची फी. आईनं दहा वेळा सांगून ठेवलेलं, "फीची काळजी करू नको. पाचू आहे ना." तिच्या मनात त्या अंगठीची किंमत काही लाखांत होती. सोनारकाकांच्या काट्यावर पूर्ण अंगठी भरली ७ ग्रॅम ४०० मिली. त्यातून खडा आणि लाख वजा केली तर त्यांच्या अंदाजानं सोनं साडेचार ग्रॅमच्या आसपास.

पालकांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. सोनेतारण कर्ज देताना फक्त सोन्याचं वजन आणि कस बघतात. खड्याचं वजन वजा होतं, खडा कितीही भारी असला तरी. घरात 'अडीअडचणीला आहे' म्हणून ठेवलेल्या जुन्या जडावाच्या दागिन्यात खरं सोनं किती, हे अडचण येण्याआधी एकदा माहीत करून घ्या. अडचणीच्या दिवशी कळलं तर फार जड जातं.

दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर आईसमोर अंगठी ठेवली आणि सगळं सांगितलं. धुतल्याचंही आणि पाचू नसल्याचंही. आईनं अंगठी उचलली, चष्मा लावून बघितली आणि डब्यात ठेवून दिली. बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या घरात भांडण झालं तरी इतकी शांतता कधी नसते.

मग दुपारी भाजी निवडता निवडता ती एकदम म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आजीनं ही सावकाराकडं ठेवली होती. दोन वर्षं होती त्याच्याकडं. मग तुझ्या आजोबांनी सोडवून आणली."

मी मान डोलावली.

"पाचू असता तर त्यानं परत दिला असता का गं?"

म्हणजे आईला शंका होती. कदाचित कितीतरी वर्षांपासून. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना आठवतो तो पाण्यानं आणि अन्नानं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, रेशनची मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी. त्या दिवसांत कुणाच्या घरातलं काय गहाण पडलं आणि काय परत आलं, याची नोंद कुणी ठेवली? खडा सावकारानं बदलला, की आधीपासूनच स्फटिक होता, की आजीनंच पाचू विकून जागा भरून घेतली, हे आता कळायला मार्ग नाही. जुन्या काळी साध्या खड्याखाली रंगीत पत्रा घालून जडाव करण्याची रीत होतीच. तो त्या कारागिरीचाच भाग होता. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा तो पाचू म्हणून विकला जातो.

आईनं भाजीची जुडी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बरं, आता पुन्हा पाण्यात घालू नको."

एवढंच. पत्रा बदलायचा नाही असं तिनंच ठरवलं. अंगठी डागासकट तशीच आहे.

वर्गात काय झालं

पुढच्या आठवड्यात प्रदर्शन भरलं. मुलांनी अडकित्ता आणला, पितळी गडू आणला, आजोबांचं किल्लीचं घड्याळ, धान्य मोजायची लाकडी पायली, एकानं तर बैलाच्या गळ्यातली घंटा. मी अंगठी नेली आणि मुलांना सगळी हकीकत सांगितली. मॅडमनी चूक कशी केली हे ऐकताना वर्ग किती शांत बसतो, हा अनुभव तुम्हीही घेऊन बघा!

एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग ती अंगठी खोटी आहे का?"

मी तोच प्रश्न वर्गाला परत दिला. सोनं खरं आहे. स्फटिकही खरा आहे, जमिनीतून निघालेला. पत्रा घालणाऱ्याची कारागिरी खरी आहे. आजी खरी, दुष्काळ खरा. चुकीचं होतं ते फक्त आम्ही दिलेलं नाव. मग 'खोटी' म्हणायचं कशाला? तासाभराची चर्चा झाली. अशी चर्चा मी ठरवून घडवून आणू शकले नसते.

दुसरा म्हणाला, "घासून बघू ना मॅडम, काच आहे का स्फटिक." त्यावरून मोहची काठिण्यश्रेणी शिकवून झाली. फ्रेडरिक मोह या जर्मन खनिजतज्ज्ञानं १८१२ मध्ये १० खनिजांची ही शिडी मांडली. खालच्या पायरीवर शंखजिरे (१), वर हिरा (१०). वरचं खनिज खालच्यावर ओरखडा काढतं. आपलं नख साधारण २.५, मोती २.५ ते ४.५, पोवळं ३ ते ४, खिडकीची काच ५.५ च्या आसपास, स्फटिक ७, पाचू ७.५ ते ८, माणिक आणि नीलम ९. पण वस्तू ओरखडूनच तिची परीक्षा होत असेल, तर दागिन्यावर ती परीक्षा करायची नाही, हेही मुलांना सांगितलं. तपासणी करताना वस्तू बिघडली तर ती तपासणी काय कामाची? (हे वाक्य बोलताना आपल्या परीक्षापद्धतीची आठवण आली, पण तो वेगळा विषय!)

आपला सगळा परिसर खड्यांचाच आहे, हे मुलांना माहीत नव्हतं. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थर. थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत पुढे अकीक, स्फटिक, जांभळा स्फटिक असे खडे तयार झाले. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय की पैठणहून गाड्या भरभरून अकिकाच्या जातीचे खडे भडोच बंदराला जात. आणि तेरहून कापड. आजीचं गाव पैठण तालुक्यातलं, म्हणून मला हे सांगताना विशेष आनंद झाला. तेरला लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातले मणी आहेत. सहल काढायची असेल तर जरूर न्या.

मुलांना राजेरजवाड्यांच्या गोष्टी आवडतात, म्हणून निजामाच्या दागिन्यांचंही सांगितलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. त्या घराण्याचे १७३ दागिने भारत सरकारनं १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना घेतले. त्यात १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा आहे, जो शेवटचे निजाम टेबलावर कागदांवर वजन म्हणून ठेवायचे. आणि त्या संग्रहातही जडावाचं, कुंदनाचं भरपूर काम आहे. आमच्या अंगठीचं घराणं तेच, फक्त पाकीट वेगळं!

खड्याच्या जुन्या अंगठीची निगा : घरी करता येण्यासारखं

मी चुकून शिकले, तुम्ही वाचून शिका.

१. आधी अंगठी उलटी करून बघा. खड्याची मागची बाजू मोकळी आहे की बंद? बंद असेल, तर पाण्यात बुडवायची नाही. गार पाण्यातही नाही. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटकायची, मग सुती मलमलीच्या कापडानं सोनं हलकेच पुसायचं. बस्स.

२. मागून मोकळी असेल आणि खडा माणिक, नीलम, हिरा असा कडक असेल, तर कोमट पाणी, साध्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. खडा आधी पक्का आहे ना ते बघा. शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. आपल्याकडे पुष्कळ घरांत बोअरचं पाणी वापरतात. त्यातले क्षार खड्यावर पांढरी पुटं धरतात, बादलीच्या कडेला धरतात तशी.

३. पाचू कडक असला तरी हळवा असतो. त्याच्या आत जन्मजात बारीक भेगा असतात आणि त्या तेलानं भरायची जुनी पद्धत आहे. गरम पाणी, सोडा, दुकानातलं कंपनांनी सफाई करणारं यंत्र, यांनी ते तेल निघून जातं आणि भेगा उघड्या पडतात. पाचू फक्त ओल्या कापडानं पुसावा.

४. मोती, पोवळं आणि फिरोजा यांना आम्ल आणि रसायनं चालत नाहीत. मोती आणि पोवळं म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या खडूचाच भाऊबंद. लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर, सॅनिटायझर यांनी त्यांची झळाळी जाते. फिरोजा तर तेल आणि घाम पिऊन हिरवट होतो. हे दागिने सगळं आवरून झाल्यावर शेवटी घालावेत आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढावेत. मोती हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका.

५. टूथपेस्ट, राख, चिंच, घासणी : काही नको. टूथपेस्टमध्ये घासायची पूड असते. आणि साधी धूळसुद्धा कोरडी रगडू नका, कारण धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचं काठिण्य ७. मोत्याचं किती ते वर दिलंय. आधी झटका, मग पुसा.

६. ब्लीच आणि पारा यांपासून सोनं लांब ठेवा. टाकी-बाथरूम धुताना अंगठी काढून ठेवा. फुटलेल्या थर्मामीटरचा पारा सोन्याला लागला तर तो सोन्यात मिसळून पांढरा डाग पाडतो. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिक्षकांनी विशेष काळजी घ्यावी.

७. महिन्यातून एकदा अंगठी कानाशी धरून हलकेच हलवा. बारीक टकटक ऐकू आली, तर खडा सैल झालाय. त्या दिवसापासून घालायची बंद आणि सोनाराकडे. कणीक मळताना खडा पडल्याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत.

८. बुधाचा पाचू, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं असं मानून पुष्कळ जण अंगठी घालतात आणि घालण्याआधी दुधात किंवा गंगाजलात ठेवतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण अंगठी जुनी आणि मागून बंद असेल तर बुडवण्याऐवजी बोटानं थेंब सोन्याला लावा आणि लगेच पुसा. देव रागावणार नाही, खडा मात्र वाचेल.

९. प्रत्येक दागिना वेगळ्या मऊ कापडात. एकाच डब्यात सगळे टाकले की कडक खडा मऊ खड्यावर ओरखडे काढतो.

१०. एक वही करा. अंगठीचा फोटो, वजन, कुणाची होती, कुणाकडून आली, कधी दुरुस्त केली. आमच्या आजीनं दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर आज मला हा लेख लिहावा लागला नसता.

वर्गासाठी आणखी थोडं

भाषेच्या तासाला या एका अंगठीतून किती शब्द निघतात बघा : कोंदण, जडाव, खडा, पारख, कस, गुंज, मासा, तोळा. 'तोळामासा प्रकृती' हा शब्दप्रयोग मुलं ऐकतात, पण तोळा आणि मासा ही वजनं आहेत हे त्यांना माहीत नसतं. 'गुंजभर', 'काकणभर सरस', 'नाकापेक्षा मोती जड', 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' यांची यादी मुलांकडूनच करून घ्या.

गणितासाठी : ८ गुंजा = १ मासा, १२ मासे = १ तोळा, १ तोळा = ११.६६ ग्रॅम. मग ७.४ ग्रॅमची अंगठी किती मासे, किती गुंजा? आमच्या वर्गाचं उत्तर आलं ७ मासे आणि जवळजवळ ५ गुंजा. तुमच्या वर्गाचं बघा.

एक सूचना मात्र पाळा. मुलांना सोन्याचांदीची वस्तू शाळेत आणायला सांगू नका. फोटो किंवा चित्र पुरे.

शेवटी एका निबंधाबद्दल

हे सगळं झाल्यावर मी निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या. एका मुलीचा निबंध सहा ओळींचा होता. नेहमी दीड पान लिहिणारी मुलगी. तिनं लिहिलं होतं की आमच्या घरात जुनी वस्तू नाही. आईची एक अंगठी होती, लाल खड्याची, ती पप्पांच्या आजारपणात विकली. आईच्या बोटावर अजून तिची गोल खूण आहे. मी तिचं चित्र काढलं आहे. आणि खाली खरोखरच पेन्सिलीनं काढलेला एक हात होता. बोटाभोवती एक फिकट रेघ.

लाल पेन हातात घेऊन मी किती वेळ बसले, सांगता येत नाही. इतकी वर्षं मी हा निबंध देते आहे. 'घरात एक जुनी वस्तू असतेच' असं मी धरून चालले होते. ज्या घरातून वस्तू गेली, ज्या घरात ती कधी आलीच नाही, त्या मुलांनी काय लिहायचं, हा विचार मी केला नव्हता. व्हिडिओ बघून अंगठी पाण्यात टाकली, तशीच मी ही मुलंही दरवर्षी एका विषयात बुडवत होते. कोणाच्या कोंदणाला कुठे फट आहे हे न बघता.

त्या निबंधाला मी गुण दिले नाहीत. खाली लिहिलं, "आईला विचार, अंगठी कशी होती, कुणी दिली होती. तिनं सांगितलेलं सगळं लिहून ठेव. वस्तू नसली तरी तिची गोष्ट तुझ्याजवळ राहील." चार दिवसांनी तिनं दोन पानं लिहून आणली. ती मी इथे देणार नाही, ती तिच्या घरची आहेत.

पुढच्या वर्षी मी विषय बदलणार आहे : 'माझ्या घरातील एक वस्तू – असलेली किंवा नसलेली'. तुम्हाला पटलं तर तुम्हीही बदला. आणि घरी जुनी अंगठी असेल तर आज संध्याकाळी डबा उघडा, ती उलटी करून बघा आणि घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, ही कुणाची?

फक्त पाण्यात घालू नका.